जेम्सच्या तळाशी

खाडीकाठी वाढलेल्या आम्हां वाचकांना भरती-ओहोटी समजावून सांगावी लागत नाही. ओहोटी सारी घाण समुद्रात नेते, हा समजही आपलाच. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या जेम्स नदीचा इतिहास तो खोटा ठरवतो.

या नदीत भरतीचे पाणी रिचमंड शहरापर्यंत चढते. त्याच्या खालच्या अंगाला होपवेल हे कारखान्यांचे गाव आहे. तेथे १९६६ ते १९७५ या काळात केपोन हे कीटकनाशक तयार होई. प्रथम ॲलाइड केमिकल कंपनीत, शेवटी तिच्यासाठी काम करणाऱ्या एका लहान कारखान्यात. तेथील कामगारांचे हात कापू लागले. १९७५ मध्ये एका डॉक्टरांनी रुग्णाचे रक्त अटलांटाला तपासणीसाठी पाठविले आणि कारण उघड झाले. सत्तरांहून अधिक कामगार बाधित होते. गावाच्या सांडपाणी केंद्रात मैला कुजविणारे जिवाणूही या विषाने मारले होते.

जुलैत कारखाना बंद झाला. डिसेंबरमध्ये गव्हर्नर मिल्स गॉडविन यांनी नदीतील मासेमारी थांबविली. १९७६ मध्ये न्यायालयाने ॲलाइडला १ कोटी ३२ लाख डॉलर दंड केला. कंपनीने पर्यावरण निधीस ८० लाख दिल्यावर तो ५० लाखांवर आला.

परंतु विष कोठे गेले? केपोन पाण्यात फारसे विरघळत नाही; ते गाळाच्या कणांना चिकटते. गोडे व खारे पाणी जेथे मिसळते, तेथे भरती-ओहोटी गाळ मागेपुढे हेलकावत ठेवते. विष तेथेच साठले. गाळ उपसावा तर खर्च प्रचंड, शिवाय विष पुन्हा पाण्यात उसळण्याचे भय. म्हणून ते तसेच राहू दिले. वर्षानुवर्षे नवा गाळ त्यावर बसत गेला, माशांतील प्रमाण घटले आणि १९८८ मध्ये अखेरचे निर्बंध उठले. त्यानंतरही माशांत त्याचे अंश सापडत राहिले.

दंडाची रक्कम कागदावर उतरली. या काळात ज्या कोळ्यांचा धंदा बुडाला, त्यांचा त्या कारखान्याशी काहीच संबंध नव्हता. नदीने विष धुतले नाही, झाकले. म्हणून त्या तळाला हात लावण्यापूर्वी खाली काय पुरले आहे, हे प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला सांगितले पाहिजे. हा इतिहास आम्ही येथे मांडला तो त्यासाठीच.