सिंथेसायझरला कळतो तो केवळ क्रमांक

संगणकावरील संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये सतार निवडावी आणि तारेने जोडलेल्या सिंथेसायझरमधून भलताच आवाज यावा, हा अनुभव ऑर्केस्ट्रातील वादकांना नवा नाही. वाद्य बिघडले अशी पहिली शंका येते. प्रत्यक्षात दोष बहुधा मोजणीत असतो. संगणकाकडून वाद्याकडे आवाजाचे नाव जातच नाही. जातो तो एक क्रमांक, आणि त्या क्रमांकावर कोणता आवाज ठेवायचा हे वाद्याच्या निर्मात्याने ठरविलेले असते.

चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रागांवर आधारित इलेक्ट्रॉनिक ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा असा क्रमांक पाठविण्याची सर्वमान्य सोयच नव्हती. त्यांनी वापरलेल्या रोलँडच्या ज्युपिटर-८ मध्ये ६४ आवाज साठविता येत. पण ते बदलायचे तर बटण दाबण्यावाचून गत्यंतर नसे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील 'नॅम' प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडून दाखविण्यात आली. या 'मिडी' पद्धतीसाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मिडीमध्ये आवाज बदलण्याच्या संदेशाला 'प्रोग्रॅम चेंज' म्हणतात. तो अवघा दोन बाइटांचा असतो. पहिला बाइट संदेशाचा प्रकार आणि १६ पैकी कोणत्या चॅनेलसाठी तो आहे हे सांगतो. दुसऱ्यात ० ते १२७ यांपैकी एक अंक असतो. पहिली फसगत येथेच होते. तारेतून मोजणी शून्यापासून जाते, तर माहितीपुस्तिका बहुधा एकपासून मोजतात. १९९१ च्या 'जनरल मिडी' तक्त्यात सतार १०५ व्या क्रमांकावर आहे. शून्यापासून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १०५ लिहिले, तर सतारीऐवजी तिच्या शेजारचा बँजो वाजतो. तेथे १०४ लिहावे लागते. (या तक्त्यात ११२ व्या क्रमांकावर सनईही आहे; पण तबला नाही आणि हार्मोनियमही नाही. तिच्या जागी २१ व्या क्रमांकाच्या रीड ऑर्गनवर भागवावे लागते. तक्ता करणाऱ्यांनी महाराष्ट्रातील भजनी मंडळे ऐकली नसावीत.)

१२८ आवाज लवकरच अपुरे पडले. म्हणून आवाजांचे गट, म्हणजे 'बँका', करण्यात आल्या. बँक निवडण्यासाठी कंट्रोलर ० आणि कंट्रोलर ३२ असे दोन संदेश असतात. माहितीपुस्तिकेत त्यांची नावे अनुक्रमे एमएसबी आणि एलएसबी अशी छापलेली आढळतात. दोहोंना प्रत्येकी १२८ किमती असल्याने १६,३८४ बँका होतात आणि एकूण आवाजांची मर्यादा २०,९७,१५२ वर जाते. क्रम मात्र पाळावा लागतो : आधी ०, मग ३२ आणि शेवटी प्रोग्रॅम चेंज. नुसती बँक बदलून आवाज बदलत नाही.

कंपन्यांचे मार्ग येथेच वेगळे झाले. रोलँडच्या 'जीएस' पद्धतीत आवाजाचा पर्यायी प्रकार कंट्रोलर ० ने निवडला जातो, तर यामाहाच्या 'एक्सजी' पद्धतीत कंट्रोलर ३२ ने. हिंगोली-वाशीम मार्गावरील कनेरगाव नाक्यासारख्या गावी लग्नाच्या कार्यक्रमात लॅपटॉपवरून वाजविणाऱ्याला हा फरक महागात पडू शकतो. स्वतःचा कीबोर्ड ऐनवेळी बंद पडला आणि दुसऱ्या कंपनीचा उसना आणला, तर लॅपटॉपमधील अनेक क्रमांक कुचकामी ठरू शकतात. हार्मोनियम, तबला यांसारखे आवाज तर जनरल मिडीच्या तक्त्याबाहेर असल्याने त्यांचा मेळ बसण्याची शक्यता आणखी कमी. माहितीपुस्तिकेच्या अखेरीस असणारी आवाजांची यादी म्हणूनच जपून ठेवावी. नेहमी लागणाऱ्या वीस-पंचवीस आवाजांचे तिन्ही आकडे वहीत उतरवून घेतले, तर कार्यक्रमाच्या दिवशी शोधाशोध टळते.

क्यूबेस, केकवॉक, रीपर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वाद्याच्या आवाजांची नावे असलेली फाइल बसविता येते. मग पडद्यावर नावे दिसतात. तारेतून अर्थातच आकडेच जातात. फाइल दुसऱ्या वाद्याची असेल, तर पडद्यावर सनई दिसेल आणि वाजेल भलतेच काही.

आवाज मुळीच बदलत नसेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. संगणक आणि वाद्य यांचा चॅनेल एकच हवा, आणि वाद्यात प्रोग्रॅम चेंज स्वीकारण्याची सोय चालू हवी. ती बंदही ठेवता येते. जनरल मिडीत दहावा चॅनेल तालवाद्यांसाठी राखीव आहे, तेथे सतार शोधू नये.

वेगाची चिंता नको. मूळ मिडी तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, त्यामुळे तिन्ही संदेश मिळून अडीच मिलिसेकंदांच्या आसपास वेळ घेतात. मात्र नवा आवाज सज्ज करण्यास काही वाद्ये थोडा अवधी घेतात आणि चालू स्वर मध्येच तोडतात. त्यामुळे संदेश सुरावटीच्या एखादी मात्रा आधी, मोकळ्या जागी ठेवणे बरे. आणखी एक खबरदारी : वाद्यावर आवाजात हाताने केलेले फेरबदल आधी साठवून ठेवावेत. न साठविलेले बदल पुढचा प्रोग्रॅम चेंज येताच बहुतेक वाद्यांत पुसले जातात, आणि ते परत मिळत नाहीत.