लालबागेचा राबता

इंदुरात होळकरांचे तीन वाडे आजही ठळकपणे उभे आहेत आणि तिघांचे नशीब तीन तऱ्हांचे निघाले. शहराच्या मध्यावरचा सातमजली राजवाडा १९८४ च्या दंगलीत पेटला. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. आगीला आणखी काय हवे? दर्शनी भाग तेवढा वाचला. पुढे जुन्याच पद्धतीने, विटा, चुना आणि लाकूड वापरून मागची बाजू पुन्हा उभी केली गेली आणि २००७ मध्ये राजवाडा पुरा दिसू लागला. माणिकबागेचे उलटे झाले. भिंती शाबूत राहिल्या, आतले सारे गेले. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून तो वाडा बांधून घेतला होता. युरोपातही नवल वाटावे असे फर्निचर, दिवे आणि गालिचे त्यात होते. १९८० मध्ये मोनॅकोला त्यांचा लिलाव झाला. २०१९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या संग्रहालयाने या महाराजांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा माणिकबागेतल्या वस्तू तिथल्या लोकांनी पाहिल्या. आपण भंवरकुआंची मंडळी मात्र माणिकबाग रस्त्यावरून रोज ये-जा करतो आणि फाटकावरची सरकारी खात्याची पाटी वाचतो.

तिसरा लालबाग. तो जळला नाही, रिताही झाला नाही. इमारत आहे, सुमारे २८ हेक्टरांचा परिसर आहे, आतले पुष्कळसे सामानही जागेवर आहे. उणीव आहे ती राबत्याची, आणि यंदाच्या स्मरणिकेत आम्हाला बोलायचे आहे ते त्याबद्दल.

लालबागेचे काम १८८६ मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांच्या अखेरीस सुरू झाले, शिवाजीरावांच्या कारकिर्दीत चालले आणि तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२१ मध्ये ते पुरे केले. पस्तीस वर्षे आणि तीन राजे. मधल्या शिवाजीरावांची आठवण आपल्या वस्तीला वेगळी सांगायला नको. १८९१ मध्ये त्यांनी होळकर कॉलेज काढले, तेच आजचे आपल्या दारातले शासकीय होळकर विज्ञान महाविद्यालय. लालबागेचे फाटक बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर ओतीव लोखंडाचे करून विलायतेहून बोटीने आणवलेले. आत संगमरवरी खांब, झुंबरे, रंगवलेली छते. नाचघराची लाकडी जमीन खाली स्प्रिंगा बसवून केलेली, म्हणजे पाय टाकला की ती किंचित दबून उचलते. मुदपाकखाना मुख्य वाड्यात नाहीच. तो नदीच्या पलीकडे, आणि तिथून ताटे भुयारातून इकडे येत. बागेत व्हिक्टोरिया राणीचा पुतळा. तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि पुढे १९७८ पर्यंत ते हयात होते. त्यानंतर वाडा सरकारकडे आला आणि तिथे संग्रहालय झाले.

एवढे पुस्तकातही सापडते. सहसा लिहिले जात नाही ते असे की, एवढा पसारा माणसांवाचून एक दिवसही चालत नव्हता. मराठ्यांच्या दरबारी रिवाजात कामाचे निरनिराळे ‘कारखाने’ असत. मुदपाकखाना, फरासखाना, जामदारखाना, पागा, बागखाते, एकेकाचा एकेक कारभारी आणि त्याच्या हाताखाली माणसे. बैठका घालायच्या, समया आणि पुढे विजेचे दिवे पुसायचे, पाहुण्यांचे पान मांडायचे, झाडांना पाणी घालायचे. होळकरांकडच्या या चाकरीत मराठी घरे पुष्कळ होती. इंदुरातल्या कितीतरी मराठी कुटुंबांचा इथला पहिला पत्ता कुठल्या ना कुठल्या खात्यातली चाकरी हाच आहे. दरबारचे दप्तर मोडीत, हिशेब मोडीत, सणावारांचे खर्च मोडीत. वासुदेव वामन ठाकूर यांनी संपादलेली ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ चाळली की लढाया आणि तहांइतकीच ही कारभाराची बाजूही डोळ्यांपुढे येते.

संस्थान गेले, चाकरी संपली. पण हाताला लागलेली सवय संपली नाही. आपल्या मंडपात सतरंज्या घालणारी, आरतीनंतर पाणी देणारी, रात्री दोनला वायरी गुंडाळून ठेवणारी मंडळी फरासखान्याचेच काम करतात, फक्त पगार नाही. इंदुरात बिनपगारी कामाची ही परंपरा मोठी आहे आणि तिच्या दोन गोष्टी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पहिली पॅट्रिक गेडेस यांची. हे स्कॉटिश नगररचनाकार तिसऱ्या तुकोजीरावांच्या निमंत्रणावरून इथे आले. त्यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. त्या काळी शहरात प्लेगची धास्ती होती. गेडेस यांनी फतवा काढण्याऐवजी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली आणि जाहीर केले की यंदा मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून ठेवलेली असतील त्या रस्त्याने जाईल. झाले, सगळे शहर खराटे घेऊन बाहेर पडले. घराघरांतून आणि परसांतून गाड्याच्या गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा मोठा पुतळा होता, घाणीचा राक्षस होता, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार होते आणि नगरलक्ष्मी होती. तुळशीची रोपे वाटली गेली, शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. स्वच्छतेत इंदूर २०१७ पासून देशात पहिले येऊ लागले तेव्हा अनेकांनी त्याचे श्रेय घंटागाड्यांना दिले, ते त्यांना मिळालेच पाहिजे. पण या गावात सण आणि झाडू यांची गाठ त्याच्या शंभर वर्षे आधी पडली होती, हेही विसरू नये. सफाई कामगारांना मिरवणुकीत मानाने चालवावे, हे तर आजही फारशा शहरांना सुचत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या अनंत चतुर्दशीची. १९२० च्या दशकात हुकुमचंद मिलच्या कामगारांनी गणपती विसर्जनाला झांकी काढायला सुरुवात केली आणि मग मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा गिरण्यांत चढाओढच लागली. पाळी संपवून कामगार रात्र-रात्र बांबू, कापड आणि बल्ब घेऊन बसत. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिथल्या कामगारांना थकलेले देणे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत भोंगा वाजला नाही, पण झांकी निघत राहिली. वर्गणी काढून, महापालिकेकडे आणि विकास प्राधिकरणाकडे खेपा घालून, वाकलेल्या पाठीने. मालक गेला, यंत्रे गेली, छप्पर गेले, तरी काम करणारे हात एकत्र येत होते म्हणून परंपरा जगली.

लालबागेत नेमके उलटे आहे. छप्पर आहे, झुंबरे आहेत, हात नाहीत.

लालबागेत माणसे येत नाहीत असे मात्र कुणी म्हणू नये. सकाळी फिरायला येणारे आहेत. उन्हाळ्यात मालवा उत्सव भरतो, लोकनृत्ये होतात, देशभरातले कारागीर पथाऱ्या मांडतात आणि दालबाफले खायला अर्धे शहर लोटते. ही गर्दी आम्हाला आवडते. पण ती मैदानावर येते आणि मैदानावरूनच परत जाते. वाड्याची पायरी चढणारे थोडे, आणि चढलेल्यांना सांगणारे कुणी नाही. एखादे कुटुंब नाचघरात शिरते, वर बघते, मोबाईलवर दोन फोटो काढते आणि पाच मिनिटांत बाहेर पडते. पायाखालची जमीन स्प्रिंगांवर आहे हे त्यांना कळतच नाही. शिपाई बिचारा ‘हाथ मत लगाओ’ म्हणत फिरतो. त्याचे ते कामच आहे. सांगणे हे त्याचे काम नव्हे.

इंग्लंडात १८९५ मध्ये स्थापन झालेली नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था जुने वाडे आणि बागा सांभाळते. तिथे दालनादालनांत निवृत्त शिक्षिका, जुने कारकून, कॉलेजातली मुले ठरल्या दिवशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याला त्या खोलीची हकीकत सांगतात. कुणी बागेत निंदणी करते, कुणी पुस्तकांवरची धूळ झटकते. पैसे घेत नाहीत. अशी माणसे हजारोंनी आहेत. आपल्याकडचेच उदाहरण हवे तर औंधचे घ्या. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी होते. त्यांनी १९३८ मध्ये आपला चित्रसंग्रह औंधला संग्रहालय बांधून लोकांसाठी खुला केला. खेड्यातल्या माणसाने रविवर्म्याचे चित्र मुंबईला न जाता पाहावे, हा त्यामागचा विचार आम्हाला आजही मोठा वाटतो.

आता आपल्या वस्तीकडे. भंवरकुआं म्हणजे आज कोचिंगचे गाव. राज्य लोकसेवा आयोगाची तयारी करणारी हजारो मुलेमुली धार, झाबुआ, खरगोन, रीवा अशा कुठून कुठून येऊन इथे खोल्या करून राहतात. मंदसौरचा तह ६ जानेवारी १८१८, राजधानी इंदूरला आली ती त्याच वर्षी, अहिल्यादेवींचा काळ अमुक ते तमुक, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. आमच्या मंडळाच्या लायब्ररीत अभ्यासाला बसणाऱ्या काही जणांना आम्ही विचारले, लालबाग पाहिलात का? तो इथून दोन-तीन किलोमीटरवर आहे. बहुतेकांनी मान हलवली. मग गेल्या काही महिन्यांत आम्ही त्यांना तीन-चार रविवारी घेऊन गेलो. आमच्यातल्या ज्येष्ठ काकूंनी भुयार आणि पलीकडचा मुदपाकखाना यांची गोष्ट हिंदी-मराठीच्या मिश्रणात, म्हणजे अस्सल इंदुरी बोलीत सांगितली. खरगोनची एक मुलगी दुसऱ्या खेपेला स्वतःच पाच जणांना समजावून सांगत होती. तिला कुणी तसे सांगितले नव्हते.

घाई याचसाठी आहे. ज्यांच्या आजोबांनी लालबागेत चाकरी केली, ज्यांनी तिथल्या दिवाळीचे वर्णन घरच्या माणसांकडून ऐकले, त्या पिढीतली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. मोडी वाचणारे तर बोटांवर मोजावे लागतील. त्यांच्याकडचे ऐकून या विशीतल्या मुलांच्या कानावर घालायचे, एवढेच काम आहे, पण ते या पाच-सात वर्षांत झाले नाही तर पुढे करायचे म्हटले तरी होणार नाही. सरकारने छत दुरुस्त करावे, बागेचे पाणी बघावे. आजोबांची आठवण मात्र कुठल्याही निविदेत बसत नाही.

वेळ नाही ही सबब आम्हालाही ठाऊक आहे. पण आपल्या सणांचा क्रम पाहा. श्रावण वद्य चतुर्दशीला देवी अहिल्याबाईंची पुण्यतिथी; अहिल्योत्सवात त्यांची पालखी निघते. मग पिठोरी अमावास्या, आणि पाचव्या दिवशी गणपती. पालखीला खांदा देणारे, रांगा लावणारे, प्रसाद वाटणारे आणि मंडपातले बहुतेक चेहरे तेच ते असतात. हीच माणसे महिन्यातला एक रविवार लालबागेला देऊ शकतील. आम्हाला सध्या वीसेक जण पुरेत.

तेव्हा अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता लालबागेच्या मोठ्या फाटकाशी भेटू. पितृपक्ष आहे म्हणून कुणी कुरकुर करू नये. पूर्वजांनी जिथे चाकरी केली तिथेच जायचे आहे. तिकीट ज्याचे त्याने काढावे. पाण्याची बाटली आणि टोपी आणावी. घरात लालबागेचे जुने फोटो, कुणाची नेमणुकीची चिठ्ठी, मोडीतले कागद असतील तर मूळ प्रत घरीच ठेवून मोबाईलवर फोटो काढून आणावा. आणि घरातल्या आजी-आजोबांना बरोबर आणायचे असेल तर मंडपातल्या नोंदवहीत आधी नाव लिहा, म्हणजे त्यांच्यासाठी गाडीची आणि दोन खुर्च्यांची सोय करता येईल.