दिनविशेष, १७ मे : फ्रोइलानो द मेलो यांचा जन्म
सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. फ्रोइलानो द मेलो यांचा जन्म १८८७ मध्ये आजच्या दिवशी गोव्यातील बाणावली येथे झाला. एकपेशीय आदिजीव हा त्यांचा अभ्यासविषय. खाणे, श्वसन, उत्सर्जन, प्रजनन हे सारे आदिजीव एकाच पेशीत उरकतात. १९३५ मध्ये द मेलो यांनी पक्ष्यांच्या रक्तातील हीमोप्रोटियस या परजीवीच्या नव्या जाती नोंदवल्या. त्यांतली एक खंड्याच्या रक्तातली. पेडणे, डिचोलीच्या शेतांकडे तारेवर बसलेला दिसतो तोच हा पक्षी. माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, पक्ष्यांच्या पेशीत मात्र असते. हा परजीवी पेशीत शिरून त्या केंद्रकाला वळसा घालत वाढतो. पुढे पणजीचे नगराध्यक्षपदही भूषवलेल्या द मेलो यांचे १९५५ मध्ये ब्राझीलमध्ये निधन झाले.