सिनेमा किती रोजाला पडतो?



२०२३ च्या जुलैत 'बाईपण भारी देवा' बघायला आमच्या गटातल्या चौदापैकी अकरा जणी जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. पुढच्या बैठकीत एकच विषय, सिनेमा फार महाग झाला. आता महाग तर तेलही झालं, गॅसही झाला. मग सिनेमा त्यांच्याही पुढे गेला का? आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब मांडला, तोच आज सांगतो.

जरा लांबून सुरुवात करू. आपल्या देशात सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो मुंबईत, ७ जुलै १८९६ ला, वॉटसन हॉटेलात. तिकीट एक रुपया. ऐकून हसू येतं, पण तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि मजुराच्या हातात दिवसाला मोजकेच आणे पडायचे. म्हणजे तो रुपया कित्येक दिवसांची मजुरी होती. काही दिवसांतच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे चार आण्यांपासून तिकिटं निघाली, पडद्यातल्या बायकांसाठी वेगळी बसायची सोयही झाली. स्वस्तातली जागा निघाली तेव्हा कुठे सिनेमा साध्या माणसाच्या आवाक्यात आला. पुढे जत्रेतल्या तंबूत तर आपली माणसं खाली जमिनीवर बसून सिनेमा बघायची.

आता घरातली गोष्ट. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. आम्ही तेव्हा तीन-चार वर्षांच्या, पण आमच्या सासूबाईंना अजून सगळं आठवतं. तालुक्याच्या थिएटरात तिकीट पाच रुपये, खुरपणीचा रोज बारा रुपये. दिवसभर रान करायचं, भाकरी थापायच्या, आणि भावकीतल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून रात्री नऊच्या खेळाला जायचं. पदर ओला करून मध्यरात्री घरी. सकाळी परत रानात हजर. निम्म्या रोजापेक्षाही कमी खर्च.

तेव्हापासून २०२३ पर्यंत सरकारी आकड्यांप्रमाणे महागाई साधारण आठपट झाली. त्या हिशोबाने पाचाचं तिकीट चाळीस-बेचाळीसला मिळायला हवं. आम्ही दिले एकशे ऐंशी, म्हणजे छत्तीसपट. खुरपणीचा रोज बाराचा अडीचशे झाला, तो वीसपट. तिकीट महागाईच्या पुढे गेलंच, पण आपल्या रोजाच्याही पुढे गेलं.

यावर आमच्यातल्या एका काकूंनी हरकत घेतली. म्हणाल्या, "ती खुर्ची आणि ही खुर्ची एक आहे का? तिथं ढेकूण चावायचे, इथं थंडी वाजते." बरोबर आहे त्यांचं. पण गारव्याची खुर्ची आपण मागितली कुठे होती? आधी व्हीसीआर, मग केबल आल्यावर तालुक्याच्या थिएटरांची गर्दी आटली. २००१ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या काही वर्षांसाठी करमणूक करात सवलत दिली आणि नवा पैसा शहराकडे वळला. आमच्या तालुक्याच्या थिएटराचं आता मंगल कार्यालय झालंय. तिकीट वाढलं ते एक, स्वस्तातली जागाच गेली हे दुसरं. आम्हाला दुसरं जास्त लागलं.

कारण तिकिटावर भागत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून येऊन-जाऊन पन्नास रुपयांत झालं. पण रात्रीच्या खेळानंतर परतीची गाडी नाही, म्हणून दुपारचा खेळ धरावा लागला. दुपारचा खेळ म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला. एकशे ऐंशी, पन्नास आणि बुडालेले अडीचशे. झाले चारशे ऐंशी, जवळजवळ दोन रोज. सासूबाईंना जो सिनेमा अर्ध्या रोजात पडला नव्हता, तो आम्हाला दोन रोजाला पडला.

खाण्याचा खर्च यात धरलेला नाही. मक्याच्या लाह्यांचा भाव बघूनच आम्ही मागे फिरलो. बाहेरचे डबे आत नेऊ न देण्याचा अधिकार थिएटरवाल्यांना आहे, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं, हेही त्याच वेळी सांगितलंय. तेव्हा पाण्याची बाटली विकत घेऊ नका, सरळ पाणी मागा.

जाण्याआधी गटात वाद झाला होता. बचतीतून पैसे काढावेत असं चौघींचं म्हणणं होतं. आम्ही नाही म्हटलं, ती रक्कम कर्जासाठी आहे. ज्या तिघी आल्या नाहीत, त्यांतल्या एकीने तेव्हा इतकंच विचारलं होतं, "रात्रीचा खेळ नाही का गं?"