स्वॅट कॅट्सची डीव्हीडी आणि हरवलेला आवाज

इतिहास म्हटलं की पुण्यात सगळे शनिवारवाड्यापासून सुरुवात करतात. आज आपण जरा पुढे, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीपर्यंत जाणार आहोत. पण आधी मेगाकॅट सिटीत.

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून आला आणि त्याने माझ्या हातात 'स्वॅट कॅट्स'ची डीव्हीडी ठेवली. पूर्ण मालिका! ज्यांचं लहानपण थोडं उशिरा सुरू झालं त्यांच्यासाठी सांगतो. टी-बोन आणि रेझर नावाचे दोन बोके. पोलिसांसारख्या एन्फोर्सर्स दलातून हाकलले गेलेले, नुकसानभरपाई म्हणून भंगारखान्यात कामाला लावलेले. दिवसा गाड्या दुरुस्त करायच्या आणि संकट आलं की त्याच भंगारातून बनवलेलं टर्बोकॅट विमान घेऊन उडायचं. म्हणजे जुन्या बाजारातून सामान आणून फायटर जेट! पुण्यातल्या पोरांना हे पटायला काहीच जड गेलं नाही.

लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नव्हता, तो मित्राकडून मागून आणला. मालिका लावली. चित्र झकास, माझ्या आठवणीपेक्षा किती तरी स्वच्छ. गिटार वाजली, अंगावर काटा आला. मग टी-बोनने तोंड उघडलं आणि मी थांबलो. हा कोण बोलतोय?

डीव्हीडीवर फक्त इंग्लिश आवाज आहे. माझा टी-बोन हिंदीत बोलायचा.

आता थोडा इतिहास. क्रिश्चन आणि इव्हॉन ट्रेम्ब्ले या भावांनी हे बोके जन्माला घातले, मालिका बनवली हॅना-बार्बेरा कंपनीने. अमेरिकेत ती सुरू झाली सप्टेंबर १९९३ मध्ये. खूप चालली, तरी दोन सीझनमध्ये गुंडाळली. तीन भाग तर अर्धवटच राहिले. शेवटचं प्रसारण जानेवारी १९९५. आणि भारतात कार्टून नेटवर्क कधी आलं? १ मे १९९५! म्हणजे आपल्याकडे चॅनेल यायच्या आधीच तिकडे मालिका संपलेली होती. आपण जिच्या नव्या भागांची वाट बघत बसायचो, ते भाग येणारच नव्हते. हे मला विशीनंतर कळलं आणि खरं सांगतो, राग आला.

सुरुवातीला ते चॅनेल चोवीस तासही नव्हतं. कार्टूनची वेळ संपली की त्याच जागी जुने इंग्लिश सिनेमे सुरू व्हायचे. ते कृष्णधवल हॅटवाले दिसले की समजायचं, गृहपाठाला बसा.

पुढे हिंदी आवाज आले आणि सगळं बदललं. आमच्या सोसायटीत सगळे मराठी. भांडण मराठीत, डबा मराठीत, पण खेळताना आम्ही हिंदीत बोलायचो. 'तू पीछे से आ, मैं मिसाइल छोडता हूँ!' खेळातली भाषा हिंदी, कारण हिरो हिंदीत बोलायचे. त्याआधीच्या पिढीला दूरदर्शनवरच्या 'जंगल बुक'नं हीच सवय लावली होती. मालिका जपानी, शेरखान हिंदी, आणि आवाज आपल्या नाना पाटेकरांचा! हे डबिंग म्हणजे नुसतं भाषांतर नव्हतं. आपण कसे खेळलो, त्याचा तो पुरावा आहे. वॉर्नरने मालिका संपल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी ही डीव्हीडी काढली, तीही मागणी येईल तशी डिस्क तयार करून. त्यात अमेरिकेतल्या पोराचं लहानपण नीट जपलंय. माझं नाही.

यात नवीन काही नाही. बीबीसीने 'डॉक्टर हू' या विज्ञान मालिकेचे साठच्या दशकातले भाग पुसून टाकले होते. टेप महाग, जागा कमी, आणि जुनं परत कोण बघणार! नव्वदहून जास्त भागांचं चित्र गेलं. पण आवाज सगळ्यांचा वाचला, कारण काही पोरं घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बसली होती. पुढे त्या आवाजांवर नवीन ॲनिमेशन करून काही भाग डीव्हीडीवर आले. तिथे आवाज उरला, चित्र गेलं. आपल्याकडे उलटं.

आपल्या पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या सिनेमांचे तुकडे शोधून जपले नसते तर आज काय दाखवलं असतं आपण? पण केबलवर दुपारी लागणारं डब केलेलं कार्टून जपायचं असतं, हे कोणाच्या डोक्यात येणार?

माझ्या आलं होतं. आठ वर्षांचा असताना.

आमच्याकडे व्हीसीआर होता. कॅसेटच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असायची. ती तोडली की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. बाबांनी एका कॅसेटची पट्टी मुद्दाम तोडली होती. त्या खाचेवर सेलोटेप लावली की काम होतं, हे मला याच मावसभावाने शिकवलेलं. लावली. मेटॅलिकॅट्सचा भाग रेकॉर्ड केला. कॅसेट होती आजोबांच्या एकसष्टीची, १९९३ ची.

ओरडा खाल्ला, कॅसेट माळ्यावर गेली, आजोबाही पुढे गेले. डीव्हीडी बघितल्यावर ती खाली काढली. तपकीर गल्लीत एका काकांनी जुना व्हीसीआर दुरुस्त करून दिला, 'कशाला पाहिजे रे हे?' असं तीनदा विचारून. कॅसेटवरचा हिंदी आवाज लॅपटॉपवर घेतला आणि डीव्हीडीच्या चित्राला जोडला. टेपचा वेग सारखा नसतो, त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी आवाज पुढे पळायचा. तुकडे करून बसवला, चार रविवार गेले. पण टी-बोन हिंदीत बोलला!

साधारण अकराव्या मिनिटाला भाग मध्येच तुटतो. मग एक निळी रेघ आणि थेट पंगत. आजोबा जिलबी वाढताहेत, आग्रह करताहेत, ओठ हलताहेत. व्हिडिओवाल्याने त्यावर सनई टाकलीय, त्यामुळे ऐकू काहीच येत नाही. त्यांचं छोटं भाषण कॅसेटच्या सुरुवातीला होतं.

मी आजीला दाखवलं. तिने पंगत दोनदा बघितली. आजोबा काय बोलत असतील, मी विचारलं. ती म्हणाली, "अजून एक घ्या, म्हणताहेत. दुसरं काय!"