रस्ता आणि रहिवासी : न्यूयॉर्क शहरातील दोन लढे

रस्ता सर्वांचा असतो, म्हणून रस्त्याला विरोध करणारा माणूस चारचौघांत चटकन् स्वार्थी ठरतो. तुमच्या चार घरांसाठी साऱ्या शहराची वाट अडवता काय, असा सवाल कोणी टाकला की सभेत माना डोलू लागतात. हा सवाल तपासून पाहायचा असेल तर न्यूयॉर्क शहराच्या इतिहासाइतके चांगले साधन आम्हांला दुसरे सापडले नाही. तेथे एकाच अधिकाऱ्याने पुढे रेटलेल्या दोन महामार्गांविरुद्ध दोन वस्त्या थोड्या वर्षांच्या अंतराने उभ्या राहिल्या. त्यांतली एक हरली, दुसरी जिंकली. हरलेल्या वस्तीची बाजू काही कमी न्याय्य नव्हती. उलट पर्यायी मार्गाचा पक्का नकाशा तिच्याचपाशी होता. मग पारडे कशाने फिरले, एवढेच आज आम्हांला पाहायचे आहे.

अधिकाऱ्याचे नाव रॉबर्ट मोझेस. हे गृहस्थ आयुष्यात एकदाच निवडणुकीला उभे राहिले, 1934 साली, राज्याच्या गव्हर्नरपदासाठी, आणि सपशेल पडले. तरीही जवळजवळ चार दशके न्यूयॉर्कमधील उद्याने, पूल आणि महामार्ग त्यांच्या शब्दावाचून हलत नसत. एका वेळी त्यांच्याकडे बारा पदे असत म्हणतात. त्यांतले खरे वजनदार पद म्हणजे ट्रायबरो पूल व बोगदा प्राधिकरणाचे अध्यक्षपद. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीचा टोल या प्राधिकरणाच्या तिजोरीत पडे. त्या पैशासाठी कुठल्याही सभागृहात हात जोडून उभे राहण्याची मोझेस यांना गरज नव्हती. ज्याला दरवर्षी मत मागावे लागत नाही आणि पैसाही मागावा लागत नाही, अशा माणसाशी गाठ पडली म्हणजे अर्ज-विनंत्यांचा काय उपयोग होतो, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला निराळे सांगायला नको.

पहिला रस्ता क्रॉस-ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे. पश्चिमेच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून पूर्वेकडे जाणाऱ्या मोटारी ब्रॉन्क्सच्या गल्लीबोळांत न अडकता आरपार निघून जाव्यात, हा त्याचा हेतू. काम 1948 साली सुरू झाले. या मार्गावर ईस्ट ट्रेमाँट नावाची वस्ती होती. मुख्यतः ज्यू कुटुंबांची, आणि त्यांतली पुष्कळ माणसे मॅनहॅटनमधल्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबणारी. घरे जुनी पण मोठी, भाडे कायद्याने बांधलेले, जवळ क्रोटोना पार्क, आणि कामावर जायला आगगाडी. श्रीमंती नव्हती, पण गरिबीच्या गल्लीतून एक पायरी वर चढलेल्या माणसाला जे लागते ते सारे तेथे होते.

4 डिसेंबर 1952 रोजी या वस्तीतल्या भाडेकरूंच्या हाती पत्रे पडली. तुमची इमारत रस्त्यात जाते आहे, नव्वद दिवसांत जागा सोडा, असा मजकूर होता. एका मैलाच्या टापूत 1530 कुटुंबे, म्हणजे सुमारे पाच हजार माणसे, उठणार होती. नव्वद दिवसांची मुदत प्रत्यक्षात तितकी कडक नव्हती. पण ती वाचून माणसाचे पाय लटपटावेत हाच तिचा उपयोग होता.

ईस्ट ट्रेमाँटचे लोक मात्र गप्प बसले नाहीत. लिलियन एडेलस्टीन नावाची एक गृहिणी पुढे झाली आणि तिने शेजाऱ्यांची संघटना उभी केली. इंजिनिअरांकडून पर्यायी आखणी करून घेतली. ती पाहिली की आजही आश्चर्य वाटते. रस्ता केवळ दोन गल्ल्या दक्षिणेला, पार्कच्या कडेने सरकवला असता तर 1530 कुटुंबांऐवजी 19 कुटुंबे उठली असती. रस्ता सरळही झाला असता. इतका साधा हिशेब होता. बरोचे अध्यक्ष जेम्स लायन्स आधी या पर्यायाला अनुकूल होते, मग फिरले. रॉबर्ट वॅग्नर यांनी 1953 च्या महापौरपदाच्या निवडणुकीत रहिवाशांना आश्वासन दिले, आणि निवडून आल्यावर मोझेस यांच्याच आखणीला मत दिले. महापौर, हिशेबतपासनीस, नगरमंडळाचे अध्यक्ष आणि पाच बरोंचे अध्यक्ष अशा आठ जणांच्या 'बोर्ड ऑफ एस्टिमेट'पुढे शहराचे असे प्रश्न येत. तेथे मोझेस यांचा शब्द मोडायची हिंमत कोणी केली नाही.

लढा कोठे कमी पडला? आमच्या मते तीन ठिकाणी, पण खरे महत्त्वाचे एकच. पहिले म्हणजे, सुनावण्या कामाच्या दिवशी भरदिवसा होत. ज्याची मजुरी बुडते तो किती वेळा जाणार? म्हणून बायकाच बस भाड्याने घेऊन सिटी हॉलला जात. दुसरे, शेजारच्या गल्ल्यांना वाटले की आपली घरे वाचली, आपण कशाला पडा. आणि तिसरे, मुख्य, ते असे की ही माणसे मालक नव्हती. अमेरिकन कायद्यात सरकारने मालमत्ता घेतली तर मालकाला मोबदला द्यावाच लागतो. मालक फार तर किमतीवरून भांडतो आणि पैसे घेऊन निघतो. भाडेकरूचे घर जाते म्हणजे काय जाते? कागदावर काहीच नाही. उठवलेल्या कुटुंबांना देशभर एकसारखी मदत देणारा केंद्रीय कायदा व्हायला 1970 साल उजाडावे लागले. कारखान्यात ज्यांच्या पाठीशी अमेरिकेतल्या बलाढ्य संघटनांपैकी एक उभी होती, ते शिवणकामगार घरी परतल्यावर एकेकटे भाडेकरू होते. संघटनेच्या करारात शिलाईच्या दराचे कलम असते, राहत्या खोलीचे नसते.

आणि एकेकट्या माणसाशी कसे वागायचे हे अधिकाऱ्यांना चांगले ठाऊक होते. वरचा मजला रिकामा झाला की खालची बिऱ्हाडे असतानाच वरून पाडकाम सुरू होई. जिन्यात चुना-माती, रात्री अंधार, शेजारची दारे फळ्यांनी बंद. ज्याची निघून जायची इच्छा नव्हती तोही मुलाबाळांकडे पाहून निघाला. 1955 संपेपर्यंत त्या एका मैलातली वस्ती संपली होती. पुढे कडेच्या इमारतींनाही खोदकामाचा आवाज, धूळ आणि धूर यांनी ग्रासले. ज्यांना आपण वाचलो असे वाटले होते तेही गेले. साउथ ब्रॉन्क्सच्या सत्तरीतल्या दुर्दशेचा सगळा दोष या रस्त्याच्या माथी मारणे मात्र आम्हांला पटत नाही. घरमालकांनी लावलेल्या आगी, शहराचे दिवाळे आणि कारखान्यांचे स्थलांतर यांचाही त्यात वाटा होता. रॉबर्ट कॅरो यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या 'द पॉवर ब्रोकर' या मोझेस-चरित्रात ईस्ट ट्रेमाँटची हकीकत सविस्तर सांगितली, तेव्हा कोठे ती जगाला कळली.

आता दुसरा रस्ता. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, पश्चिमेचा हॉलंड बोगदा पूर्वेच्या विल्यम्सबर्ग व मॅनहॅटन पुलांना जोडणारा, ब्रूम स्ट्रीटवरून जाणारा उंच महामार्ग. याची रेघ शहराच्या नकाशावर 1941 च्या सुमारासच उमटली होती. रस्ता झाला नाही, पण रेघ मात्र वीस वर्षे तशीच राहिली, आणि तिने आपले काम केले. ज्या इमारतीवर उद्या हातोडा पडायचा तिचा मालक छप्पर कशाला दुरुस्त करील? बँक कर्ज कशाला देईल? मग अधिकारी येऊन म्हणणार, ही वस्ती तर मोडकळीला आली आहे, पाडली तर बिघडले काय! आधी रोग लावायचा आणि मग रोग्याला नावे ठेवायची, यातला हा प्रकार.

1956 च्या केंद्रीय महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गाच्या खर्चाचे शंभरांतले नव्वद डॉलर वॉशिंग्टनहून मिळू लागले. शहराच्या पुढाऱ्यांना हा पैसा फुकटाचा वाटे. रस्त्याच्या पोटात सुमारे दोन हजार कुटुंबे आणि आठशेहून अधिक धंदे जाणार होते. हे धंदे म्हणजे लोखंडी खांबांच्या जुन्या इमारतींमधले लहान कारखाने आणि वखारी. 1963 साली चेस्टर रॅपकिन यांनी शहराच्या नियोजन आयोगासाठी या भागाची पाहणी केली, तेव्हा दिसले की बाहेरून पडीक वाटणाऱ्या या मजल्यांवर हजारो हातांना काम आहे, आणि ते हात बहुतेक पोर्तो रिकोच्या व काळ्या कामगारांचे, त्यांतही पुष्कळ स्त्रियांचे आहेत.

येथे आम्हांला एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. बांधकाम कामगारांच्या संघटना रस्त्याच्या बाजूने होत्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. काँक्रीटचे काम म्हणजे चांगल्या मजुरीची काही वर्षे. मोठे बँकवाले आणि मोटारवाल्यांचे संघ त्यांच्या शेजारी बसलेले. म्हणजे एका सभागृहात दोन कामगार समोरासमोर: एकाची भाकरी रस्ता झाला तर, दुसऱ्याची न झाला तर. 'कामगारांचे हित' असा शब्द भाषणात सहज निघून जातो. त्याचे असे दोन तुकडे पडलेले दिसले की जीभ जड होते. बांधकाम संघटनांना आम्ही शिव्या देणार नाही. पण तात्पुरत्या कामासाठी कायमचे काम मोडायला त्यांनी हात वर केला, हे इतिहासाच्या वहीत लिहिलेच पाहिजे.

ब्रूम स्ट्रीटवर जे झाले ते ईस्ट ट्रेमाँटमध्ये झाले नव्हते: निरनिराळ्या जातीकुळीचे लोक एका समितीत बसले. मोस्ट होली क्रुसिफिक्स चर्चचे फादर जेरार्ड ला माऊंटन, कारण त्यांचे चर्चच रस्त्यात जात होते. विधानसभेचे सदस्य लुई डिसाल्व्हिओ. इटालियन कुटुंबे, दुकानदार, लहान कारखानदार, रिकाम्या मजल्यांवर चोरून राहणारे चित्रकार, आणि शेजारच्या ग्रीनिच व्हिलेजमधून आलेल्या जेन जेकब्स. या बाई पदवीधर नव्हत्या. मासिकात लिहून पोट भरत, आणि शहर कसे चालते हे फूटपाथवर उभे राहून शिकल्या होत्या. 1961 साली त्यांचे 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' निघाले तेव्हा नगररचनेचे पंडित खवळले. आम्हांला या बाईंविषयी थोडा पक्षपात आहे, तो वाचकांनी समजून घ्यावा.

डिसेंबर 1962 मध्ये त्याच बोर्ड ऑफ एस्टिमेटने रस्ता नामंजूर केला. पण नामंजूर झालेला रस्ता मरत नाही, हेही तेथेच दिसले. तीन वर्षांत तो पुन्हा उठला. जॉन लिंडसे महापौरपदासाठी उभे राहताना रस्त्याच्या विरुद्ध होते; निवडून आल्यावर थोडा फेरफार केलेली योजना घेऊन तेही आले. 10 एप्रिल 1968 रोजी सेवर्ड पार्क हायस्कूलमध्ये सुनावणी झाली. बोलणाऱ्याचा मायक्रोफोन अधिकाऱ्यांकडे नव्हे, तर लोकांकडे तोंड करून ठेवला होता. जेकब्सबाईंनी ते बोलून दाखवले: आम्ही आपापसांतच बोलायचे काय? मग त्या लोकांना घेऊन व्यासपीठावरून चालत गेल्या. गडबडीत लघुलेखिकेच्या यंत्राची कागदी फीत सुटली आणि लोकांच्या हाती लागली. नोंदच नाही तर सुनावणीच झाली नाही, असे बाईंनी जाहीर केले. त्यांना अटक झाली, दंगलीचा आरोप लागला. पुढे तो किरकोळ गुन्ह्यावर आला. 1969 साली रस्ता नकाशावरून पुसला गेला.

घरे वाचली, चर्च वाचले. रॅपकिन यांनी पाहिलेल्या कारखान्यांचे काय झाले? 1971 साली शहराने चित्रकारांचे त्या मजल्यांवर राहणे कायदेशीर केले. 1973 साली त्या भागाला ऐतिहासिक म्हणून संरक्षण मिळाले. भाडी चढू लागली. चित्रकारांमागून चित्रांची दुकाने आली, त्यांच्यामागून कपड्यांची महागडी दुकाने, आणि आज सोहो या नावाने ओळखला जाणारा तो भाग शहरातल्या सर्वांत महाग वस्त्यांपैकी एक आहे. त्या मजल्यांवरचे लहान कारखाने एकेक करून गेले. बुलडोझरने नेले नाहीत; भाड्याने नेले. तेव्हा मात्र समिती निघाली नाही, कारण या वेळी सुनावणीची नोटीसच आली नव्हती.

तिकडे ब्रॉन्क्समध्ये क्रॉस-ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे अजून वाहतो आहे. त्याच्या दोन्ही अंगांना आता बहुतांशी लॅटिन आणि काळी कुटुंबे राहतात, आणि तेथल्या मुलांमधला दमा हा त्या भागाचा जुना प्रश्न आहे. 2022 साली केंद्र सरकारने वीस लाख डॉलर मंजूर केले. खोल गेलेल्या भागांवर छत घालून वर बागा करता येतील काय, हे तपासण्यासाठी.