दिनविशेष, १५ मे : जिव्या सोमा मशे, वारली चित्रकारांचे गुरू

कासा परिसरातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे २०१८ साली आजच्या दिवशी गेले. ‘पद्मश्री’चे (२०११) मानकरी म्हणून त्यांची ओळख सांगितली जाते, पण त्यांचे गुरुपण त्याहून मोठे. वारली लग्नात भिंतीवर ‘चौक’ हे विधीचे चित्र लिहिणे हे सवाशिणींचे काम. जिव्यांनी तांदळाच्या पिठाची ती पांढरी चित्रशैली विधीबाहेर, कागदा-कापडावर आणली आणि डहाणू-तलासरीच्या कितीतरी तरुणांना रोजगाराची वाट मिळाली. त्यांची मुले सदाशिव आणि बाळू याच वाटेने गेली. यात कला बाजारात गेली आणि बायकांचा मान हिरावला, असा आक्षेप घेतला जातो. त्यातला दुसरा भाग गंभीर आहे, कारण नाव खरोखरच पुरुषांचे अधिक झाले. तरीही विधीचा तो चौक जिव्यांनी बळकावला नाही. त्यांनी रंगवली ती मासेमारीची जाळी, मुंग्या, शेतातली माणसे.